हरकत आली नाही

४ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांसोबत ही वहीसुद्धा लिहून दिली आहे. मनात साठतं ते कागदावर उतरवा, रक्तदाबही उतरेल, असं त्यांचं म्हणणं. आमच्या ह्यांनी लगेच टोमणा मारला, की मग दोनशे पानी आण, शंभर पानं तर तुझ्या प्राचार्यांनाच लागतील.

लागोत. सहा वर्षं मी या कॉलेजात आदिवासी शिक्षण विभागाची प्रभारी प्रमुख आहे. प्रभारी म्हणजे राबायचं प्रमुखासारखं आणि रजा मागायची शिपायासारखी. विभाग म्हणजे मी, एक नीट न लागणारं कपाट आणि अर्ध्या दिवसाचा टायपिस्ट. उरलेला अर्धा दिवस तो ग्रंथालयाचा असतो, आणि दोन्हीकडे सापडत नाही.

आज प्राचार्यांनी बोलावून घेतलं. जुलैत तपासणी समिती येणार आहे. समितीला नुसते कागद चालत नाहीत, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागतं, म्हणून तळमजल्यावर ‘समाज सहकार्य कक्ष’ सजतो आहे. सोफे आले, पडदे आले, भिंतीवर आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे दाराएवढे फोटो लागले. त्यात माझी आत्याही आहे, तिच्या गालावरचा तीळ बशीएवढा झालाय. मी विचारलं, आणि माणसं कुठली बसणार इथं? ते म्हणाले, "तेवढं तुम्ही आणा."

म्हणजे वस्तीवर मी चालवते तो वर्ग बंद करून इथे या सोफ्यांवर भरवायचा. त्यासाठी नवा करार, आणि करारावर वस्तीची संमती. हे बोलताना माझ्या नेमणुकीची फाईल त्यांच्या टेबलावर उघडी पडली होती. तिच्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

९ मार्च, शनिवार

आज वस्तीवर वर्गाचा दिवस होता. दोन बस बदलून तीन तास लागतात जायला. मी याच वस्तीत जन्मले, बाराव्या वर्षी वसतिगृहात गेले आणि मग पाहुणी म्हणूनच येत राहिले. हा वर्ग मात्र मी उभा केलाय, ते श्रेय कुणाच्या बापाला देणार नाही. जुनं पत्र्याचं गोदाम, प्राथमिक शाळेनं टाकून दिलेली बाकं, शनिवार-रविवार कॉलेजच्याच पदवीची शिकवणी. तेवीस विद्यार्थी, त्यात सोळा बायका. त्यांची पोरं दारात खेळत असतात आणि मध्येच एखादं आत येऊन आईच्या मांडीवर झोपतं. शेवटचा तास आत्याचा. ती वस्तीची भाषा शिकवते, आणि कुणी पेंगलं तर खडू फेकून मारते.

वर्गात पहिली येते माझी भाची, म्हणजे आत्येबहिणीची मुलगी. कडेवर दीड वर्षाचा मुलगा आणि तरी तिला गेल्या वर्षी मुख्य इमारतीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त गुण होते. वस्तीच्या शाळेवर बाहेरून येणारे मास्तर तीन महिने टिकत नाहीत. तिला पदवी घेऊन त्या शाळेवर लागायचंय. अजून दोन वर्षं हवीत, फक्त दोन. तिच्याकडे पाहिलं की मला वाटतं, मी काहीतरी केलंय.

करार कसा मांडायचा हा विचार दिवसभर डोक्यात होता. वस्तीच्या बैठका म्हणजे डोक्याला ताप. मी लहान असताना विहिरीला कठडा बांधायचा की नाही यावर चार बैठका झाल्या होत्या. आमच्यात गोष्ट ठरली म्हणजे प्रत्येकानं ती आपल्या तोंडानं बोलून दाखवायची असते. ‘कठडा बांधू’, ‘कठडा बांधू’, असं एकेकानं म्हणायचं, अगदी बहिऱ्या आजोबांपर्यंत. तोवर ते ठरलं असं कुणी धरत नाही. एवढा वेळ आज कुणाला आहे?

१३ मार्च, बुधवार

कराराचा मसुदा मीच केला. बारा कलमं. कायद्याच्या भाषेची जळमटं काढून साध्या सोप्या मराठीत लिहिला. सातवं कलम वर्ग मुख्य इमारतीत हलवून रोज भरवण्याचं. अकरावं प्राचार्यांनी सांगितलं ते, की सत्र सुरू झाल्यापासून पंधरा दिवसांत न आलेल्यांच्या जागा सर्वसाधारण यादीतून भरल्या जातील. प्रत्येक विभागात हा नियम असतो. पंधरा दिवस कोण कशाला उशीर करेल? शिवाय कॉलेजची बस न्यायला जाणार आहे, तेही नवव्या कलमात मी भांडून घातलं. आवळा देऊन कोहळा काढतात हे लोक, पण निदान आवळा तरी मी पदरात पाडून घेतला.

१७ मार्च, रविवार

झाली एकदाची बैठक. उगाच आठ दिवस जिवाला घोर लावून घेतला होता.

काय सांगू, इतकं प्रेमानं वागवलं सगळ्यांनी. मी गेले की नेहमी चटईवर कुणाच्या तरी पाठीला टेकून बसते. आज माझ्यासाठी शाळेतून खुर्ची आणून ठेवली होती, वर धुतलेली चादर. चहा मला कपबशीत, बाकी सगळे पेल्यातून. आत्यानं ‘या, बसा’ म्हणून हात धरून बसवलं. कुणी मध्ये बोललं नाही, कुणी उठून गेलं नाही. बाराही कलमं मी शांतपणे वाचून दाखवली. एरवी या लोकांना दोन मिनिटं गप्प बसवणं म्हणजे कर्मकठीण.

वाचून झाल्यावर आत्यानं माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हाताऱ्या सुतारकाकांनी केली. मग पुन्हा आत्यानं. पंचाहत्तरी उलटलेली माणसं माझ्या गुडघ्याची काळजी करतात, मला भरून आलं. भाची दारापाशी पोराला थोपटत बसली होती. तिनं एकच विचारलं, हे तू लिहिलंस का मावशी? मी म्हटलं, हो, शब्दन् शब्द माझा. ती मान हलवून पुन्हा पोराला थोपटायला लागली. आवडलं असावं.

मग मी रीतसर विचारलं, कुणाची काही हरकत? कुणीतरी म्हणालं, पुढे रस्ता खणून ठेवलाय, उजेड आहे तोवर निघालेलं बरं. मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं: ‘करार वाचून दाखवला. चर्चा खेळीमेळीत झाली. हरकत आली नाही.’

निरोप द्यायला अख्खी वस्ती बसथांब्यापर्यंत आली. इतकी माणसं माझ्यासाठी कधीच आली नव्हती.

१८ मार्च, सोमवार

ह्यांच्याशी भांडण झालं. सकाळी चहा घेताना मी कालचं सांगत होते. ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हो म्हणाले का?"

मी म्हटलं, नाही म्हणाले नाहीत.

तर हे म्हणतात, मी तुला मागणी घालायला आलो तेव्हा आठवतं का? तुझ्या घरच्या अकरा जणांनी एकेक करून ‘देऊ’ म्हटलं होतं. मी मोजत होतो. नवव्या माणसाला खोकल्याची उबळ आली आणि माझा जीव टांगणीला लागला.

लग्नाची गोष्ट वेगळी, कराराची वेगळी, मी म्हटलं. माझ्या माणसांची रीत मला शिकवू नका. हे बशीतला चहा संपवून कामाला गेले. हसले नाहीत, म्हणून जास्त राग आला.

२ एप्रिल, मंगळवार

एक अडचण आली आणि सुटलीही. इतिवृत्तावर वस्तीच्या प्रतिनिधीची सही लागते. मी त्या दिवशी घ्यायची विसरले. विसरले म्हणजे, कागद पुढे केला होता, पण आत्याला चष्मा सापडेना आणि बस चुकली असती. आता पुन्हा तीन तास जा, तीन तास ये, आणि प्राचार्यांना फाईल आजच हवी.

हेडक्लार्क म्हणाला, "मॅडम, तुम्ही वस्तीच्याच ना? मग अडलंय कुठं?"

खरंच की. जन्माचा दाखला आहे, जातीचा दाखला आहे, माझ्याइतकं वस्तीचं कोण आहे या इमारतीत? कॉलेजतर्फे मी सही केली, आणि खाली ‘समाज प्रतिनिधी’ या ओळीवरही मीच केली. हेडक्लार्कनं दुसऱ्या सहीसाठी काळं पेन काढून दिलं. म्हणाला, दोन्ही निळ्या दिसल्या तर बरं दिसत नाही.

घरी येऊन आधी ही वही काढली. हे इथे लिहिते आहे कारण ही वही कुणी वाचणार नाही. दोन डगरींवर हात ठेवू नये म्हणतात. पण मी ठेवला नाही तर माझ्या जागी जो कोणी येईल, त्याला वस्ती कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नसेल. असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं.

६ मे, सोमवार

आदेश निघाला. ‘प्रभारी’ गेलं. दारावर पितळी पाटी लागली, माझं नाव, हुद्दा, सगळं. टायपिस्टही आता पूर्ण दिवसाचा. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

भाचीच्या फोनवर आत्यासाठी निरोप पाठवला. तासाभरानं उत्तर आलं, ‘आजीला सांगितलं. बरं झालं म्हणाली.’ एवढंच. आत्याला आनंद झाला की तिचं तोंड थांबत नाही, मग हे दोनच शब्द कुठले? फोन महाग झालेत, काटकसर करत असतील.

१९ मे, रविवार

वस्तीवरच्या वर्गाचा आज शेवटचा दिवस. मी जाणार होते, पण कक्षाचा रंग आणि पडदे यांचं काम बघायला कुणीच नव्हतं. गणिताचे सर गेले. त्यांनी संध्याकाळी येऊन सांगितलं, की वर्गातल्यांनी गोदाम झाडून घेतलं, फळा ओल्या फडक्यानं पुसला, बाकं एकावर एक रचली. हजेरीपट कापडात बांधून त्यांच्या हातात दिला आणि मॅडमना द्या म्हणाले. शिस्त आहे हो तुमच्या लोकांत, असं सर म्हणाले. मला अभिमान वाटायला हवा होता. कपाटाचं दार मात्र आज तीनदा आपटलं तेव्हा लागलं.

१ जुलै, सोमवार

सत्राचा पहिला दिवस. कक्षात तेवीस नव्या वह्या मांडून मी दारात उभी. कॉलेजची बस साडेदहाला परत आली. ड्रायव्हर एकटाच उतरला.

वस्तीत गेलो तर सगळे बाहेर आले, म्हणाला. पाणी दिलं, बसायला सांगितलं, कुठून आलास, मुलं किती, सगळं विचारलं. तासभर थांबलो. चढलं कुणीच नाही. मी विचारलं, येताय ना? तर म्हणाले, सांभाळून जा, वळणावर खडी पडलीय.

पहिला दिवस आहे, गोंधळ झाला असेल. उद्या येतील.

५ जुलै, शुक्रवार

पाच दिवस बस रिकामी जाते आणि रिकामी येते. भाचीला फोन केला, लागत नाही. आज मी स्वतः बसमध्ये बसून गेले.

सगळं तसंच, ड्रायव्हरनं सांगितलं तसंच. खुर्ची आली, कपबशी आली. मी आत्याला बाजूला घेऊन म्हटलं, आत्या, पंधरा दिवसांत आले नाहीत तर जागा जातील गं पोरींच्या. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दमलात तुम्ही. जरा पडा."

मी लहानपणी तिच्या कुशीत झोपायचे. ताप आला की ती मला पाठीवर घेऊन नदीपर्यंत चालायची. ती मला ‘पडा’ म्हणाली. परतीच्या वाटेवर रिकाम्या बसमध्ये बसून मी रडले. ड्रायव्हरनं गाण्यांचा आवाज वाढवला, भला माणूस.

आता सगळं लख्ख दिसतंय आणि दिसून काही उपयोग नाही. मार्चमधल्या त्या बैठकीत एका माणसानंसुद्धा ‘वर्ग हलवू’ असं आपल्या तोंडानं म्हटलं नव्हतं. परक्यासमोर नाही म्हणायचं नाही, त्याचा अपमान करायचा नाही, त्याला खुर्ची द्यायची आणि वाटेला लावायचं. हे मला ठाऊक नव्हतं? दहा वर्षांची असताना जमिनीचा सरकारी मोजणीदार आला होता, तेव्हा शाळेतून खुर्ची मीच तर डोक्यावर घेऊन आले होते.

८ जुलै, सोमवार

प्राचार्यांकडे गेले. खरं तेच सांगितलं. संमती नव्हती, मी चुकीचं लिहिलं, करार मागे घ्या आणि वर्ग वस्तीवर परत सुरू करा. जीव मुठीत धरून बोलले.

त्यांनी इतिवृत्त काढलं आणि दोन्ही सह्यांवर बोट ठेवलं. मग अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाले, मॅडम, ही दुसरी सही खोटी आहे असं तुम्ही लेखी देत असाल तर मला चौकशी लावावी लागेल, तुमचीच. द्या लेखी, मी थांबतो. आणि खरोखर थांबले, पेनाचं टोपण काढून.

समोरच पाण्याचा पेला होता. तो मी संपवला आणि बाहेर आले.

तेवीस जागांसाठी आतापासूनच विचारणा सुरू झाली आहे. कुणाला राग नाही, कुणाला खेद नाही. सुंठीवाचून खोकला गेला. दोन बसच्या अंतरावरच्या बायका, त्यांची पोरं, खडू फेकून मारणारी म्हातारी, कशाचंच लफडं नको होतं कॉलेजला. हवे होते ते फोटो, आणि ते भिंतीवर लागलेच आहेत.

ह्यांना सांगितलं. मला वाटलं, ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणतील. नाही म्हणाले. विचारलं, देणार का लेखी? मी म्हटलं, घराचे हप्ते कोण भरेल, या वयात मला कोण दारात उभं करेल, आणि मी गेले तर विभागच बंद करतील. ह्यांनी गोळी घेतलीस का एवढंच विचारलं.

१६ जुलै, मंगळवार

समिती येऊन गेली. काल जागा भरल्या, त्यामुळे सोफ्यांवर तेवीस मुलं बसलेली होती, सगळी शहरातली, नव्या वह्या मांडीवर घेऊन. आत्याच्या फोटोखाली बसलेल्या मुलीनं पाठ टेकली की तिचं डोकं आत्याच्या हनुवटीला लागायचं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, समाजाची संमती तुम्ही नेमकी कशी घेता? मी उत्तर दिलं. वस्तीत प्रत्येक माणूस निर्णय आपल्या तोंडानं बोलून दाखवतो, सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय काही ठरत नाही, आणि आम्ही त्या रीतीचा मान राखतो. शब्द अडला नाही की आवाज कापला नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी शेऱ्यात ‘अनुकरणीय’ असं लिहिलं.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मी दरवर्षी पहिल्या वर्षाला निबंधासाठी देते. दरवर्षी कुणीतरी विचारतं, मॅडम, दांड्याला कळत नसेल का? मी त्याला पाच गुण जास्त द्यायचे.

१८ जुलै, गुरुवार

आज भाची आली. दोन बस बदलून, कडेवर पोरगा. दारावरची पाटी तिनं पूर्ण वाचली, मग आत आली. मी उठले, पोराला घ्यायला हात पुढे केले. तो तिच्या खांद्यात तोंड लपवून बसला. मला ओळखेना.

तिनं पिशवीतून अर्जांचा गठ्ठा काढला. तेवीस जणांचे, कॉलेज सोडल्याचे दाखले आणि मूळ कागद परत मागणारे अर्ज. आजी म्हणाली, आपले कागद तिथे नकोत.

मी म्हटलं, दुसरीकडे घेणार का प्रवेश? तिकडच्या कॉलेजात मी बोलते, माझी ओळख आहे. ती म्हणाली, तिकडे पाच तास लागतात.

"मग तुझी शाळा? दोनच वर्षं राहिली होती गं."

"राहिली."

मला सहन होईना. मी म्हटलं, त्या दिवशी बैठकीत एकीनं तरी स्पष्ट नाही म्हणायचं होतं. तू तरी. तू तर शिकलेली आहेस.

तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आम्ही सगळे नाहीच म्हणत होतो मावशी. तू खाली मान घालून लिहीत होतीस."

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. मी तिला सहीचं सांगायला गेले, लेखी देणार होते गं, चौकशीचं म्हणाले म्हणून, असं काहीतरी. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं, तीनची बस असते. मी अर्ज हेडक्लार्ककडे घेऊन गेले.

त्यानं वरचा अर्ज पाहिला आणि परत दिला. सोडण्याचं कारण, हा रकाना रिकामा होता. तेवीसही अर्जांवर रिकामा. म्हणाला, रिकामा ठेवून चालत नाही मॅडम, कारणाशिवाय दाखला निघत नाही. काहीही लिहा, पण लिहा.

मी भाचीला येऊन विचारलं, काय लिहू? तिनं पोराला टेबलावर बसवलं. पोराच्या पायातला बूट निसटला होता तो घालत बसली.

कारण मला माहीत होतं. एका ओळीत मावलं असतं, आणि त्या रकान्यात ते लिहिलं असतं तर तेवीस कागदांवर ते कायमचं राहिलं असतं. मी खुर्चीत बसले, पेन घेतलं, आणि पहिल्या अर्जावर लिहिलं, ‘स्वेच्छेने’. मग दुसऱ्यावर. माझं अक्षर चांगलं आहे, पहिल्यापासूनच. तीनची बस चुकू नये म्हणून शेवटचे काही जरा घाईत लिहिले.